जोखमीचा वाटेकरी

आपल्या मराठी घरांतून पैशाविषयी जी शिकवण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिचे सार दोन वाक्यांत सांगता येईल. अंथरूण पाहून पाय पसरावेत, आणि जे उरेल ते बँकेत ठेवावे. ही शिकवण वाईट होती असे आम्ही म्हणणार नाही. मूळ गाव सोडून बडोद्यास, इंदुरास, ग्वाल्हेरीस किंवा हैदराबादेस येऊन राहिलेल्या आपल्या वाडवडिलांपैकी अनेकांना नोकरी हाच आधार होता, आणि परमुलखात राहणाऱ्या नोकरदाराने जपून वागणे हेच शहाणपणाचे होते. परंतु आता त्याच घरांतील मुलगा किंवा मुलगी चांगली चाललेली नोकरी सोडून स्वतःचा उद्योग काढण्याची भाषा बोलू लागली आहे. 'स्टार्टअप' हा शब्द स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचला आहे. आणि त्याबरोबरच घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात एक धास्तीही येऊन बसली आहे.

याच सुमारास सरकारही या साहसात उतरले आहे. केंद्र सरकारने २०१६ साली नवोद्योगांच्या भांडवलासाठी १०,००० कोटी रुपयांचा एक निधी उभारला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत मांडलेल्या अर्थसंकल्पात तेवढ्याच रकमेच्या दुसऱ्या निधीची घोषणा केली. हा पैसा अखेर करदात्यांचा, म्हणजे तुमचा आमचा. असे उद्योग पुष्कळदा बुडतात हे सर्वांस ठाऊक आहे. मग जो पैसा शाळा, दवाखाने आणि पाणीपुरवठा यांवर खर्च व्हावयाचा, तो अशा धंद्यांत घालण्याचा सरकारला काय अधिकार, असे कोणी विचारल्यास तो प्रश्न रास्तच म्हटला पाहिजे. या महिन्यात त्याच प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम, हे भांडवल बँकांनी का पुरवू नये, हे पाहू. बँक जो पैसा कर्जाऊ देते तो ठेवीदारांचा असतो आणि मागताक्षणी किंवा मुदतीअखेर तो परत करावा लागतो. म्हणून ती तारण मागते आणि पहिल्या महिन्यापासून हप्ता मागते. ज्याची वस्तू अद्याप बाजारात यावयाची आहे, ज्याच्यापाशी कल्पना आहे पण इमारत नाही, त्याने तारण कशाचे द्यावे आणि हप्ता कोठून भरावा? शिवाय बँकेला कर्जदाराच्या यशात वाटा नसतो. धंदा शंभरपट वाढला तरी तिच्या पदरात ठरलेले व्याजच पडते, आणि धंदा बुडाला तर मुद्दलही जाते. असा व्यवहार तिने नाकारला तर तिला दोष देता येत नाही.

साहस भांडवलाची रीत याहून निराळी आहे. येथे पैसा देणारा सावकार नसून भागीदार असतो. तो व्याज घेत नाही, उद्योगाचे भाग घेतो. आठ-दहा वर्षे थांबण्याची त्याची तयारी असते. त्याचे गणित समजावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, १० उद्योगांत प्रत्येकी १ कोटी रुपये घातले. त्यांपैकी ५ पूर्णपणे बुडाले. ३ उद्योगांतून मुद्दल तेवढे परत आले. एकाने दुप्पट दिले आणि एकाने पंधरापट. एकूण २० कोटी हाती आले. दहा वर्षांत पैसा दुप्पट होणे म्हणजे वर्षाला सुमारे ७ टक्के, म्हणजे बँकेतील मुदत ठेवीच्या जवळपास. आता यातून तो पंधरापट देणारा एक उद्योग वगळून पाहावा. १० कोटींचे ५ कोटीच उरतात. ज्यास हा व्यवहार करावयाचा आहे त्याने पाच अपयशांचा शोक करून चालत नाही, आणि तो एक उद्योग कोणता हे आधी सांगण्याचा आवही आणून चालत नाही.

हे गणित खाजगी धनिकांसाठी ठीक, पण सरकारने त्यात का पडावे? याची दोन उत्तरे दिली जातात. एक असे की नव्या शोधाचा लाभ तो शोध लावणाऱ्याच्या तिजोरीपुरता राहत नाही. त्याच्या हाताखाली शिकलेले कारागीर दुसरीकडे जातात, त्याला माल पुरवणारे छोटे कारखाने उभे राहतात, त्याच्या चुकांतून इतर शहाणे होतात. या पसरलेल्या लाभाची किंमत खाजगी गुंतवणूकदाराला मिळत नसल्याने तो गरजेपेक्षा कमीच पैसा घालतो. दुसरे उत्तर असे की हा धंदा नव्या भूमीत आपोआप रुजत नाही. उद्योग नाहीत म्हणून भांडवलदार येत नाहीत, आणि भांडवलदार नाहीत म्हणून उद्योग निघत नाहीत. कोणीतरी पहिले पाऊल टाकावे लागते.

ही दोन्ही उत्तरे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत सापडतात. आम्हांस त्यांहून महत्त्वाचे वाटणारे तिसरे उत्तर पुस्तकांत क्वचितच दिसते, पण घरांत मात्र नेहमी दिसते. जेथे समाज जोखमीचे भांडवल पुरवीत नाही तेथे ते कोठून येते? आईच्या बांगड्यांतून येते. वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीतून येते. राहत्या घराच्या गहाणखतातून आणि बहिणीच्या लग्नासाठी जमवलेल्या ठेवीतून येते. उद्योग बुडाला की त्या एका कुटुंबाची दोन पिढ्यांची पुंजी जाते. जी जोखीम लाखो करदात्यांत विभागली तर कोणास जाणवणारही नाही, ती एका घरावर पडली की ते घर मोडते. म्हणून सरकारने गुंतवणूक करावी की नाही हा प्रश्न वास्तविक असा आहे की नवे काही करून पाहण्याची जोखीम कोणी सोसावी. एकट्या घराने, की सर्वांनी मिळून?

पूर्वी हे काम राजे करीत. बेळगावातील वाचकांना तरी लक्ष्मणराव किर्लोस्करांची कथा नव्याने सांगावयास नको. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे त्यांना तेथील जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात जमीन दिली आणि कर्जाऊ रक्कमही दिली. १९१० साली त्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची त्या वेळी समजूत होती, आणि पहिले नांगर खपण्यास फार काळ वाट पाहावी लागली. त्या काळात दरमहा हप्ता मागणारा सावकार मागे असता तर तो कारखाना उभा राहिला असता काय? आमच्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०८ साली बँक ऑफ बडोदा स्थापन करविली, तीमागेही उद्योगाला आधार देण्याचीच दृष्टी होती.

परंतु राजाश्रय आणि लोकशाहीतील सरकारी गुंतवणूक यांत एक मोठा फरक आहे, तो विसरता कामा नये. माणूस पारखून स्वतःच्या मर्जीने मदत करणे राजाला शक्य होते. सरकारी अधिकाऱ्याने मर्जीने पैसा दिला तर त्यास आपण वशिला म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. उलट त्याने केवळ नियमावर बोट ठेवून दिला, तर ज्याचे कागद नीटनेटके त्याला पैसा मिळतो, ज्याची कल्पना मोलाची त्याला मिळेलच असे नाही. राजाची पारख नाही आणि नियमाने पारख होत नाही, अशा या कात्रीत जगातील अनेक सरकारे सापडली. त्यांनी काय केले हे पाहण्याजोगे आहे.

पश्चिम जर्मनीने १९७५ साली एक जोखीम-भांडवल संस्था काढली. २९ बँका तीत सामील झाल्या आणि तोट्याचा ७५ टक्क्यांपर्यंतचा भार सरकारने उचलण्याचे कबूल केले. वरवर पाहता याहून उदार योजना कोणती? पण ज्याचा तोटा दुसरा भरून देणार त्याला पारख करण्याची निकड कशाची? संस्थेने मोठा तोटा सोसला आणि आज ती अभ्यासकांच्या लिखाणात धडा म्हणून तेवढी उरली आहे. अमेरिकेने १९५८ साली कायदा करून छोट्या उद्योगांत गुंतवणूक करणाऱ्या खाजगी कंपन्यांना सरकारी कर्ज देण्यास आरंभ केला. त्यातून पैसाही पुष्कळ बाहेर आला आणि या धंद्यात माणसेही तयार झाली. पण सरकारचे कर्ज व्याजाचे, आणि ज्या उद्योगांत ते गुंतवावयाचे ते पहिली कित्येक वर्षे काहीच देत नाहीत, ही विसंगती अनेकांना भोवली. कॅनडात कामगार संघटनांच्या नावे निघालेल्या निधींना करसवलतींची खैरात झाली. त्यांनी खाजगी निधींशी चढाओढ करून त्यांनाच बाजूस सारले, असा निष्कर्ष तेथील अभ्यासकांनी काढला. सरकारी पैसा आला म्हणजे भांडवल वाढतेच असे नाही. कधी कधी तो दुसऱ्याच्या पैशाची जागा घेतो, एवढेच.

या सर्वांत अधिक बोधप्रद कथा इस्रायलची आहे, कारण तेथे एकाच देशाने लागोपाठ दोन प्रयोग केले. १९९० नंतर सोव्हिएत संघातून स्थलांतरितांचा प्रचंड ओघ त्या देशात आला. त्यांत अभियंते आणि शास्त्रज्ञ विपुल होते, ज्ञान होते, परंतु त्या ज्ञानातून व्यवसाय उभा करणारे भांडवल आणि अनुभव नव्हता. १९९२ साली सरकारने 'इनबाल' नावाची योजना आणली. शेअर बाजारात नोंदलेल्या साहस निधींच्या मूळ मालमत्तेच्या ७० टक्क्यांपर्यंत हमी द्यावी, अशी ती योजना. ती फसली. हमीपायी नियम आणि देखरेख वाढली, पण कुशल माणसे आली नाहीत. जर्मनीचाच अनुभव पुन्हा आला.

१९९३ साली दुसरी योजना आली. तिचे नाव 'योझमा', त्या भाषेत त्याचा अर्थ पुढाकार. सरकारने १० कोटी डॉलर बाजूला काढले. त्यांपैकी ८ कोटी १० निरनिराळ्या निधींना द्यावयाचे आणि उरलेल्यांतून थेट गुंतवणूक करावयाची, असे ठरले. प्रत्येक निधीत सरकारचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास असे, बाकीचा पैसा खाजगी भागीदारांनी आणावयाचा. या धंद्यात मुरलेली एखादी परदेशी संस्था आणि देशातील एखादी वित्तसंस्था बरोबर असलीच पाहिजे, ही अट होती. तोट्याची हमी मुळीच नव्हती. निधी बुडाला तर खाजगी भागीदाराचाही पैसा सरकारच्या पैशाबरोबर बुडणार होता. मात्र एक आकर्षक सवलत ठेवली होती. पाच वर्षांच्या आत सरकारचा वाटा मूळ किंमत, व्याज आणि पुढील नफ्यातील लहानसा अंश एवढ्या मोबदल्यात विकत घेण्याचा हक्क भागीदारांना दिला होता. म्हणजे निधीने उत्तम यश मिळवले तर त्या यशाचा मोठा भाग भागीदारांच्या पदरात पडणार. दहापैकी आठ निधींनी हा हक्क बजावला. सरकारचा पैसा व्याजासह परत आला, देशात पारखी माणसांची एक पिढी तयार झाली, आणि १९९८ साली योझमाच खाजगी हाती सोपवून सरकार बाजूला झाले.

या दोन योजनांतील भेद आमच्या वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. पहिलीने सांगितले, 'बुडालात तर आम्ही भरून देऊ.' दुसरीने सांगितले, 'बुडालात तर बरोबर बुडू, पण तरलात तर अधिक तुम्ही घ्या.' पहिलीमुळे बेफिकीर माणसे गोळा होतात, दुसरीमुळे मेहनती. सरकार जोखमीचे वाटेकरी झाले पाहिजे. ते जोखमीचे जामीन झाले की सर्व बिघडते. जामीन आणि वाटेकरी यांतील हा फरक घरगुती व्यवहारातही आपण जाणतो. मुलाच्या धंद्याला चार पैसे लावणारा काका आणि त्याच्या कर्जाला डोळे मिटून सही देणारा काका, या दोघांपैकी कोणता काका त्या मुलाला अधिक उपयोगी पडतो, हे सांगावयास नको.

आता आपल्या देशाकडे वळू. येथे हा विचार २०१६ सालीच जन्मला अशी अनेकांची समजूत आहे, पण ती बरोबर नाही. भारतीय औद्योगिक वित्त महामंडळाने १९७५ साली 'रिस्क कॅपिटल फाउंडेशन' काढले होते. प्रवर्तकाने जो स्वतःचा हिस्सा आणावयाचा असतो तो उभा करण्यास पहिल्या पिढीच्या उद्योजकांना सवलतीने कर्ज देणे, हा त्याचा उद्देश. आईच्या बांगड्यांचा प्रश्न त्या काळीही कोणाच्या तरी ध्यानात आला होता, असे यावरून दिसते. १९८८ साली आयसीआयसीआय आणि युनिट ट्रस्ट यांनी मिळून बंगळूर येथे तंत्रज्ञानविकासास भांडवल पुरवणारी कंपनी काढली. १९९० साली गुजरात औद्योगिक गुंतवणूक महामंडळाच्या पुढाकाराने अहमदाबादेत गुजरात व्हेंचर फायनान्स ही संस्था निघाली, आणि त्याच सुमारास हैदराबादेत आंध्रच्या औद्योगिक विकास महामंडळाने तशीच संस्था काढली. आपल्या वाचकांच्या दोन शहरांशी निगडित असे हे आरंभीचे प्रयोग होते.

त्याच काळातील एक गोष्ट मात्र खेदाने नोंदवावी लागते. परदेशी तंत्रज्ञानाच्या आयातीवर १९८६ च्या कायद्याने ५ टक्के उपकर बसविण्यात आला. देशी तंत्रज्ञानाच्या विकासास पैसा मिळावा हा त्याचा हेतू होता. हा उपकर तीस वर्षे वसूल झाला आणि २०१७ साली रद्द झाला. १९९६-९७ पासूनच्या वीस वर्षांचा हिशेब भारताच्या महालेखापरीक्षकांनी तपासला तेव्हा असे आढळले की जमा झालेल्या हजारो कोटींपैकी दहाव्या हिश्श्याहूनही कमी रक्कम मूळ हेतूसाठी खर्च झाली. बाकीची रक्कम सरकारच्या सर्वसाधारण खजिन्यात राहिली. नवोद्योगात पैसा बुडाला की त्याची चर्चा होते. पण जो पैसा नवोद्योगासाठी गोळा केला आणि त्याला दिलाच नाही, त्याने किती उद्योग जन्मापूर्वीच मारले याचा हिशेब कोण मांडणार?

२०१६ च्या योजनेने पूर्वीच्या अनुभवावरून काही धडे घेतलेले दिसतात. सरकार स्वतः उद्योग निवडत नाही. लघु उद्योग विकास बँक, म्हणजे सिडबी, हा पैसा सेबीकडे नोंदलेल्या निधींना देते, आणि उद्योग निवडण्याचे काम ते निधी करतात. निधींचा निधी, असे त्याचे स्वरूप आहे. सरकारकडून जेवढी रक्कम मिळेल तिच्या किमान दुप्पट रक्कम त्या निधीने नवोद्योगांत घातली पाहिजे, अशी अट आहे. म्हणजे खाजगी पैसा बरोबर आलाच पाहिजे. २०२५ च्या अर्थसंकल्पीय भाषणात सांगण्यात आले की या निधीचा आधार मिळालेल्या निधींना ९१,००० कोटी रुपयांहून अधिक रकमेची वचने मिळाली आहेत. त्याखेरीज २०२१ सालापासून ९४५ कोटी रुपयांची एक बीजभांडवल योजना आहे. तीत उबवणी केंद्रांमार्फत, कल्पना पडताळून पाहण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि पुढील वाटचालीसाठी ५० लाखांपर्यंत परिवर्तनीय कर्जरोख्यांसारख्या मार्गाने भांडवल मिळू शकते. घरचे दागिने न मोडता पहिला प्रयोग करून पाहण्याची ही सोय आहे, आणि ती आपल्या तरुणांना माहीत असावी म्हणून येथे तिचा मुद्दाम उल्लेख केला.

हे सर्व चांगलेच आहे. तरीही तीन गोष्टींविषयी आमचे समाधान होत नाही.

पहिली गोष्ट हिशेबाची. ९१,००० कोटींचा आकडा मोठा खरा, पण त्यातील किती पैसा सरकारी निधी नसता तरीही आलाच असता, हे त्या आकड्यावरून कळत नाही. कॅनडाचा अनुभव ध्यानात ठेवून हा प्रश्न विचारलाच पाहिजे. कोणत्या निधीला किती दिले, त्याने कोणत्या अवस्थेतील आणि कोणत्या प्रदेशातील उद्योगांत ते घातले, आणि अखेर परत किती आले, हे दरवर्षी सामान्य माणसास समजेल अशा रीतीने छापले जावे. जोखीम सर्वांची असेल तर जमाखर्चही सर्वांचा हवा.

दुसरी गोष्ट परीक्षणाची, आणि ती पहिलीच्या उलट दिशेने जाते. आपल्याकडे सरकारी पैशाची तपासणी एकेका व्यवहारावरून होते. बुडालेल्या प्रत्येक रकमेवर आक्षेप निघतो, अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते, क्वचित चौकशीही लागते. जो अधिकारी काहीच करीत नाही, त्याच्यावर आक्षेप निघत नाही. अशा व्यवस्थेत शहाणा अधिकारी काय करील? ज्यांना पैशाची गरजच नाही अशा सुस्थिर मंडळींना तो पैसा देईल आणि निर्धास्त झोपेल. वर मांडलेल्या गणितात दहापैकी पाच उद्योग बुडतात आणि तरीही व्यवहार तोट्याचा नाही. म्हणून परीक्षण समग्र निधीचे व्हावे, दहा वर्षांच्या अंतराने व्हावे, आणि निर्णय प्रामाणिकपणे व रीतसर झाला की नाही एवढेच एकेका व्यवहारात पाहावे. अपयश आणि अपहार यांत फरक करता न येणारे परीक्षण दोन्हींवर एकच शिक्षा ठोठावते. त्यामुळे अपहार थांबत नाहीत, केवळ प्रयत्न थांबतात.

याच संदर्भात एका विसंगतीचा उल्लेख करावयास हवा. ज्या सरकारने २०१६ साली नवोद्योगांना भांडवल देऊ केले, त्याच सरकारच्या प्राप्तिकर कायद्यात २०१२ पासून असे कलम होते की खाजगी कंपनीने वाजवी किमतीहून चढ्या भावाने भाग विकले तर वरची रक्कम कंपनीचे उत्पन्न समजून तिच्यावर कर लावावा. ज्या उद्योगाचे सारे मोल भविष्यात आहे त्याची आजची वाजवी किंमत कोणी ठरवावी? काळा पैसा रोखण्यासाठी केलेल्या या तरतुदीने अनेक प्रामाणिक उद्योजकांनाही नोटिसा आल्या. पुढे काही सवलती देण्यात आल्या, आणि २०२४ च्या जुलैमधील अर्थसंकल्पाने ते कलम काढण्याचे ठरविले. उजव्या हाताने द्यावयाचे आणि डाव्या हाताने घ्यावयाचे, असे बारा वर्षांतील निदान काही वर्षे तरी चालले होते. सरकारने निधी उभारण्याइतकेच, वाटेत स्वतः पेरलेले काटे वेचणेही मोलाचे आहे, हा त्याचा बोध.

तिसरी गोष्ट आपल्यासारख्या शहरांत राहणाऱ्यांच्या जिव्हाळ्याची. साहस निधी चालविणारी मंडळी मुख्यतः मुंबई, बंगळूर आणि दिल्ली येथे बसतात, आणि जवळची, ओळखीची गोष्ट मनुष्यास अधिक दिसते. संगणकावर अल्प काळात उभा राहणारा आणि झपाट्याने वाढणारा व्यवसाय त्यांच्या गणितात सहज बसतो. परंतु बेळगावातील एखादा ओतकामाचा कारखानदार नवा मिश्रधातू बनवू पाहतो, किंवा बडोद्यातील एखादी रसायनशास्त्राची पदवीधर कमी पाण्यात चालणारी प्रक्रिया शोधते, तेव्हा तिला यंत्रे लागतात, चाचण्या लागतात, आणि गिऱ्हाइकाचा विश्वास बसण्यास वर्षे लागतात. लोखंडी नांगराला जे धैर्य लागले तेच येथे लागते. खाजगी निधीला एवढा धीर नसणे समजण्यासारखे आहे, पण नेमक्या याच ठिकाणी सार्वजनिक पैशाचे प्रयोजन सुरू होते. जेथे खाजगी पैसा आपल्या पायांनी येतो तेथे सरकारने गर्दी करू नये. जेथे तो येत नाही तेथे भागीदार शोधून, त्याला यशाचा अधिक वाटा देऊ करून, बरोबर न्यावे. दुसऱ्या निधीचा मोठा भाग अशा कामांकडे आणि अशा गावांकडे वळावा, ही आमची आग्रहाची सूचना आहे.

आणि शेवटी थोडे आपल्या घरांविषयी. सरकार जोखमीचे वाटेकरी झाले तरी समाज झालेला नसेल तर फार काही साधणार नाही. आपल्याकडे एखाद्या तरुणाचा धंदा बंद पडला की 'त्याने पैसे बुडवले' असे म्हणण्याची पद्धत आहे. ज्याने लबाडी केली त्याच्यासाठी आणि ज्याचा अंदाज चुकला त्याच्यासाठी आपण एकच क्रियापद वापरतो. पुढे लग्नाच्या वाटाघाटीत ती गोष्ट दबक्या आवाजात सांगितली जाते, आणि नोकरी मागावयास गेला तर मधल्या चार वर्षांचे काय, असे विचारले जाते. त्या चार वर्षांत तो बाजार, कारागीर, कायदा आणि पैसा यांविषयी जे शिकला, ते दुसरीकडे नोकरीत राहून तो क्वचितच शिकला असता. इस्रायलच्या त्या दहा निधींनी देशाला पैशाहून मोठी देणगी दिली ती अशा अनुभवी माणसांची. पहिल्या प्रयत्नात पडलेल्या माणसाला आपण दुसऱ्या प्रयत्नाची मोकळीक दिली नाही, तर त्याच्या पहिल्या प्रयत्नावर झालेला सर्वांचा खर्च खरोखरच बुडाला असे म्हणावे लागेल.

वडीलधाऱ्यांची धास्ती आम्ही हसण्यावारी नेत नाही. घर गहाण टाकू नये, आईचे दागिने मोडू नयेत, हा त्यांचा सल्ला आजही योग्य आहे. आमचे म्हणणे एवढेच की त्या सल्ल्यापुढे 'म्हणून काही करूच नकोस' हे वाक्य जोडू नये. 'चार भागीदार शोध, सरकारी योजना काय देते ते पाहा, आपल्या घरातून जेवढे गेले तरी चूल पेटती राहील तेवढेच घाल, आणि मग कर,' असे जोडावे. असे सांगता येण्यासारखी स्थिती देशात निर्माण करणे हेच सार्वजनिक भांडवलाचे काम आहे, आणि ते काम ते करीत आहे की नाही याचा जाब विचारणे हे करदाते म्हणून आपले.